आकड्याशेजारी वेळ लिही

पत्र :

ताई,

मी २६ वर्षांची ट्रान्स स्त्री. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आईवडिलांबरोबर राहते, घरूनच काम करते. गेल्या डिसेंबरपासून पुण्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, हार्मोन थेरपी सुरू आहे. एस्ट्राडायॉल व्हॅलरेट (स्त्रियांचं हार्मोन) २ मिलिग्रॅम सकाळ-रात्र आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन ५० मिलिग्रॅम दोन वेळा. आईला सगळं माहीत आहे. वडिलांना अजून सांगायचं आहे.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं असतं. दर वेळी पुण्याला जाणं जमत नाही, म्हणून कधी तिथली लॅब, कधी गावातली, एकदा घरी येऊन रक्त नेणारी. आता चार रिपोर्ट झाले आणि त्यांनी माझी झोप उडवली आहे.

जानेवारीत पुण्यात, गोळी गिळून तीन तासांनी : एस्ट्राडायॉल ११८, टेस्टोस्टेरॉन ३८. एप्रिलमध्ये गावात, उपाशीपोटी, सकाळची गोळी न घेता : ८४ आणि ०.४१. एस्ट्राडायॉल घसरलं म्हणून मी बारा दिवस रोज एक गोळी जास्त घेतली. त्याच रिपोर्टात पोटॅशियम ५.८ होतं. डॉक्टरांनी लगेच दुसऱ्यांदा करायला लावलं, ते ४.४ आलं. बाकी 'ठीक आहे' एवढंच ते म्हणाले. जुलैत घरून रक्त दिलं. तोवर मी गोळी जिभेखाली ठेवायला लागले होते, आणि ठेवल्यावर तासाभरात माणूस आला : ३८८ आणि १.३. टेस्टोस्टेरॉन तिप्पट झालं म्हणून रात्रभर रडले, आणि ३८८ बघून रक्ताच्या गुठळ्या होतील या भीतीने आठवडाभर सगळंच बंद ठेवलं. नंतर परत नियमित सुरू केलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पुण्याच्या लॅबमध्ये उपाशीपोटी गेले. हार्मोनची गोळी घेतली नव्हती, फक्त केसांसाठी महिनाभर घेते ती बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी घेतली होती. एस्ट्राडायॉल ५१२, टेस्टोस्टेरॉन ९६! पॅकेजमध्ये थायरॉईडचं टीएसएच होतं, ते पूर्वी २.१ होतं, आता ०.२१. हिमोग्लोबिन १२.६, त्याच्यापुढे लाल 'एल', म्हणजे कमी. तेव्हापासून आई अळिवाचे लाडू करून घालते आहे.

जादा गोळ्या आणि बंद ठेवलेला आठवडा, दोन्ही डॉक्टरांना सांगितलेलं नाही. त्यांची भेट तीन आठवड्यांनी आहे. औषध उलटलं का, ताई? डोस वाढवू की कमी करू? आणि माझी एक मैत्रीण डॉक्टरांशिवाय गर्भनिरोधक गोळ्या घेते. तिचं एस्ट्राडायॉल फक्त १४ आलं. तिच्या गोळ्या बनावट असतील का?

उत्तर :

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते. हे सदर लिहायला लागण्याआधी मी २४ वर्षं मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. रक्त घेतलं, नळ्या यंत्राला लावल्या, रिपोर्ट टाईप केले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वाढव किंवा कमी कर हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण रिपोर्टावरचा आकडा तिथपर्यंत कसा पोचतो, हे मी जवळून पाहिलं आहे. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुझ्या शरीरात जेवढी उलथापालथ झाल्याचं तू समजते आहेस, तेवढी मला या कागदांत दिसत नाही.

एक गोष्ट मात्र आजच कर. डॉक्टरांना फोन किंवा मेसेज करून त्या बारा जादा गोळ्या, बंद ठेवलेला आठवडा आणि गोळी गिळण्याऐवजी जिभेखाली ठेवायला लागल्याचं सांग. तीन आठवडे थांबू नकोस. रागावतील या भीतीने तू गप्प राहिलीस हे मला कळतं. आमच्याकडे येणाऱ्या मधुमेहाच्या पेशंटपैकी निम्मे लोक रक्त देताना माझ्या कानात सांगायचे, 'डॉक्टरांना सांगू नका, पण मध्ये गोळ्या बंद होत्या.' डॉक्टर तुझा आकडा वाचतात तो ठरलेला डोस मनात धरून. तुझं एस्ट्राडायॉल ३८८ आलं की ते 'दिवसाला चार मिलिग्रॅम गिळून ३८८' असं वाचतात, आणि पुढचा निर्णय त्यावर घेतात. म्हणजे चुकीचं बियाणं पेरून पिकाचा अंदाज बांधण्यासारखं होतं ते.

आता टेस्टोस्टेरॉनकडे येते, कारण त्यासाठी तू रात्रभर रडलीस. ३८, ०.४१, १.३. हे तीन आकडे तू एकाखाली एक लिहिलेस आणि त्यांच्यापुढचं एकक सोडून दिलंस. तीनही रिपोर्ट परत उघड आणि आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात काय छापलंय ते बघ. पुण्याच्या रिपोर्टात नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असणार. गावच्या लॅबमध्ये, मी पैज लावून सांगते, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर. म्हणजे ०.४१ ला शंभराने गुणायचं : ४१. आणि घरी येऊन रक्त नेलेल्या लॅबने नॅनोमोल प्रति लिटर छापलं असणार. त्याला २८.८ ने गुणायचं : १.३ चे होतात साडेसदतीस. म्हणजे ३८, ४१, ३७.

जानेवारी ते जुलै तुझं टेस्टोस्टेरॉन जागचं हललेलं नाही, बाळा. इतका फरक तर एकाच माणसाच्या एकाच नळीतलं रक्त यंत्रात दोनदा लावलं तरी पडतो. मोठ्या पुरुषात हा आकडा साधारण ३०० ते १००० असतो. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, जी आपल्याकडचेही बरेच डॉक्टर वापरतात, त्यांत ट्रान्स स्त्रियांसाठी टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली आणि एस्ट्राडायॉल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या दरम्यान ठेवायला सांगितलं आहे. तू पहिल्याच तीन महिन्यांत ५० च्या खाली होतीस आणि तिथेच राहिलीस.

एककाने माणसं कशी हादरतात हे मी पाहिलंय. मी काम करत होते तिथे एकदा नवीन यंत्र आलं आणि मालकांनी रातोरात एकक बदललं. जुन्या पेशंटना कुणी कळवलं नाही. एक बाई दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून काउंटरवर थरथरत उभी होती, आणि मी मागच्या खोलीत पुढचा रिपोर्ट टाईप करत होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते : आकडा लिहायचा तो एककासकट. 'वीस' एवढंच कुणी सांगितलं तर आपण लगेच विचारतो ना, वीस रुपये की वीस किलो?

आता एस्ट्राडायॉल. इथे गोष्ट एककाची नाही, घड्याळाची आहे. गिळलेली गोळी पोटातून, यकृतातून हळूहळू रक्तात येते, काही तासांनी वर चढते आणि हळूहळूच उतरते. जिभेखालची गोळी थेट रक्तात शिरते. तासाभरात आकडा उंच उडतो आणि पुढच्या काही तासांत झपाट्याने खाली येतो. आता तुझे रिपोर्ट या नजरेने बघ. जानेवारीत गोळी गिळून तीन तास झाले होते : ११८. एप्रिलमध्ये उपाशी होतीस, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीला दहा-अकरा तास होऊन गेलेले : ८४. ही घसरण म्हणायची का? मला तर हे एकाच विहिरीचं पाणी दिसतं, एकदा पाऊस पडून गेल्यावर मोजलेलं आणि एकदा मोटार चालवून झाल्यावर. डॉक्टर 'ठीक आहे' म्हणाले ते म्हणूनच. त्यांनी आणखी दोन वाक्यं बोलून ते समजावून सांगायला हवं होतं, हे मात्र मी म्हणेन.

आणि जुलैचं ३८८ तू अगदी शिखरावर उभं राहून मोजलंस. गोळी जिभेखाली विरघळून तासही झाला नाही तोवर सुई. त्याच दिवशी दुपारी चारला रक्त दिलं असतंस तर आकडा बराच खाली दिसला असता. अशा आकड्याला घाबरून आठवडाभर औषध बंद ठेवणं, त्या आठवड्यात आला असेल तो घाम, चिडचिड, रडू, हे सगळं तू विनाकारण सोसलंस. मला त्याचं फार वाईट वाटलं.

जिभेखाली ठेवायचं की गिळायचं हे डॉक्टरांशी बोलून एकदा ठरव आणि मग तेच ठेव. रक्त कधी द्यायचं तेही त्यांनाच विचार. बरेच डॉक्टर सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायला सांगतात, काही जण गोळीनंतर ठरावीक तासांनी मागतात. कुठलीही वेळ चालेल, पण दर वेळी तीच हवी. पुढे कधी जेल सुरू झालं तर आणखी एक लक्षात ठेव. ज्या हाताला जेल लावलंस त्या हातातून रक्त देऊ नकोस. कातडीवरचं औषध सुईबरोबर नळीत जातं आणि आकडा आभाळाला भिडतो.

ऑक्टोबरच्या रिपोर्टने मात्र मला थांबवलं. उपाशीपोटी, हार्मोनची गोळी नाही, आणि तरी एस्ट्राडायॉल ५१२. बरोबर टेस्टोस्टेरॉनही ९६. दोन्ही एकदम वर? एस्ट्राडायॉल खरोखर एवढं वर असतं तर मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम आणखी दबला असता आणि टेस्टोस्टेरॉन खाली गेलं असतं. त्यातच टीएसएच दहापट खाली. एकाच सकाळी तीन गोष्टी अशा वाकड्या चालल्या, तर मी शरीरावर संशय घ्यायच्या आधी नळीवर घेते. आणि मग तुझ्या पत्रातली ती ओळ : 'फक्त केसांसाठीची बायोटिनची गोळी.'

लॅबमधल्या पुष्कळ यंत्रांत हार्मोन पकडायला एक जोडी वापरतात, बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन. ही दोघं एकमेकांना इतकी घट्ट चिकटतात की सुटत नाहीत, म्हणून ती पकड म्हणून वापरायची. पण तुझ्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर पकडीच्या जागा तेच अडवून बसतं आणि यंत्राला येणारी खूण फिकी पडते. एस्ट्राडायॉल, टेस्टोस्टेरॉन, थायरॉक्सिन असल्या लहान रेणूंच्या तपासणीत खूण फिकी म्हणजे हार्मोन जास्त, असा उलटा हिशोब असतो. तिथे आकडा खोटा वर जातो. टीएसएच, प्रोलॅक्टिन या मोठ्या रेणूंत खूण फिकी म्हणजे हार्मोन कमी. तिथे आकडा खोटा खाली येतो. तुझ्या रिपोर्टात नेमकं हेच चित्र आहे : लहान रेणू वर, मोठा खाली.

माणसाला दिवसाला बायोटिन लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या तीनशेपटीहून जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ च्या नोव्हेंबरात याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तरी आपल्याकडे काउंटरवर 'उपाशी आलात का?' एवढंच विचारतात. 'केसांची, नखांची गोळी घेता का?' असं विचारणारा मला अजून भेटायचा आहे. आणि तूही ती घेतलीस, कारण ती तुला औषध वाटत नाही. जाहिरातीत तसंच सांगतात.

हे सगळं माझा संशय आहे. प्रत्येक लॅबचं यंत्र या पद्धतीचं नसतं. खात्री करायचा मार्ग सोपा आहे. बायोटिन किमान तीन दिवस पूर्ण बंद ठेव, हार्मोनच्या गोळ्या ठरल्याप्रमाणे चालू ठेव, आणि त्याच पुण्याच्या लॅबमध्ये तीनच गोष्टी परत कर : एस्ट्राडायॉल, टेस्टोस्टेरॉन, टीएसएच. पॅकेज घेऊ नकोस. डॉक्टरांना बायोटिनचं आजच्या त्याच मेसेजमध्ये सांग, ते वेगळं काही सांगतील तर त्यांचं ऐक. आकडे जागेवर आले तर विषय संपला. तरीही टीएसएच खालीच राहिलं तर थायरॉईडकडे नीट बघावं लागेल. आणि तोवर कुणी त्या ०.२१ वर थायरॉईडची गोळी लिहून दिलीच, तर आधी बायोटिनचं नाव काढ.

पोटॅशियमबद्दल तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. मला मात्र चारही रिपोर्टांत सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच वाटला. स्पायरोनोलॅक्टोन शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तुझं ५.८ आलं आणि डॉक्टरांनी लगेच परत करायला लावलं, हे त्यांनी फार चांगलं केलं.

४.४ कसं झालं तेही सांगते. पोटॅशियम रक्ताच्या पेशींच्या आत ठासून भरलेलं असतं, बाहेर थोडंच. रक्त घेताना पेशी फुटल्या, नमुना वेगळा करायच्या आधी तासन्‌तास पडून राहिला, अख्खं रक्त तसंच बर्फात ठेवलं, तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं. जांभळ्या टोपीच्या नळीत पोटॅशियमचंच मीठ असतं. तिचा थेंब दुसऱ्या नळीत गेला तरी आकडा चढतो. आणि मूठ! शीर सापडावी म्हणून दंडाला पट्टा आवळायचा आणि म्हणायचं, 'मूठ मिटा, उघडा, मिटा, उघडा.' मी हे हजारो लोकांना म्हटलं असेन. त्या मुठीने पोटॅशियम वाढतं, हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी एका प्रशिक्षणात कळलं. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात चेहरे आठवत होते, कुणाकुणाला आपण घाबरवलं म्हणून. तेव्हा तू पोटॅशियमसाठी रक्त देताना हात सैल ठेव. कुणी मूठ चालवायला सांगितलं तर नम्रपणे नको म्हण.

पण आकडा खोटा असेल असं धरून घरी बसायचं नाही. ५.५ च्या पुढे गेला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बरोबर हातापायांत शक्ती नसल्यासारखं वाटत असेल, छातीत धडधडत असेल, ठोका चुकल्यासारखा वाटत असेल, तर फोनची वाट न बघता थेट दवाखाना. उन्हाळ्यात रोज शहाळं प्यायची सवय असेल तर ती डॉक्टरांना सांग, शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. घरात बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ आणलं असेल तर ते तुझ्या ताटात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नकोस. जुलाब-उलट्या झाल्या तर स्पायरोनोलॅक्टोन चालू ठेवायचं का, हे विचारून घे. आणि पोटॅशियमबरोबर दर वेळी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, करायचं, ते चुकवू नकोस.

हिमोग्लोबिनचा तो लाल 'एल' तर फक्त काउंटरवर 'पुरुष' लिहिल्यामुळे आहे. पुरुषांसाठी लॅब साधारण १३ पासून पुढे नॉर्मल धरते, स्त्रियांसाठी १२ पासून. टेस्टोस्टेरॉन खाली गेलं की हिमोग्लोबिनही थोडं उतरतं आणि बायकांच्या पातळीला येतं. तसं होणं अपेक्षितच आहे. १२.६ तुझ्यासाठी ठीक आहे. १२ च्याही खाली जात राहिलं तर कारण शोधायचं. आईला हे समजावून सांग, पण लाडू बंद करायला लावू नकोस. मुलीच्या रिपोर्टावर लाल अक्षर दिसल्यावर जी बाई रात्री अळीव भिजत घालते, तिला काहीतरी करू दे.

आता वही. मोबाईलमध्ये ॲप असतात, तक्ते असतात, ते वापर हवं तर. पण मी तुला दोनशे पानी आडवी वही घ्यायला सांगेन, किराणावाले वापरतात तशी. एका तपासणीला एक ओळ. माझी स्वतःची थायरॉईडची वही सोळा वर्षांची आहे, म्हणून सांगते. आकडा सगळ्यात शेवटी लिहायचा, आधी त्याचा सगळा पत्ता. तुझी जुलैची ओळ अशी झाली असती :

'जुलै, मंगळवार. रक्त सकाळी ८ वाजता. शेवटची गोळी ७.१० ला, २ मिलिग्रॅम, जिभेखाली. म्हणजे ५० मिनिटं. दिवसाला ४ मिलिग्रॅमवर अकरा आठवडे, त्याआधी बारा दिवस ६. स्पायरो १००. दुसरं काही नाही. लॅब : घरी येणारी. नोंदणी : पुरुष. एस्ट्राडायॉल ३८८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. टेस्टोस्टेरॉन १.३ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे ३७ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. रात्री झोप कमी.'

ही ओळ वाचून तू रडली असतीस का? '५० मिनिटं' या शब्दावरच थांबली असतीस. डोस बदलला की वहीत आडवी रेघ मार आणि त्यानंतर दोन-तीन महिने जाऊ दे, मगच पुढचा आकडा. रेघेच्या वरचे आणि खालचे आकडे एका दमात वाचायचे नाहीत. आणि शक्य तितकं एकाच लॅबकडे जा. दोन लॅबची यंत्रं, रसायनं वेगळी असतात, त्यांचे आकडे जुळतीलच असं नाही. टेस्टोस्टेरॉन इतकं खाली असताना साधी यंत्रं जरा चाचपडतातच. डॉक्टरांना कधी शंका आली तर मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या जास्त अचूक पद्धतीने करून घेता येतं. ती पद्धत महाग आहे, दर वेळी गरज नाही. पुण्याची लॅब लांब पडत असेल तर गावातली कायमची धर, पण धरलीस की सोडू नकोस.

मैत्रिणीबद्दल विचारलंस. तिच्या गोळ्या बनावट असतीलच असं नाही. गर्भनिरोधक गोळ्यांत बहुतेक वेळा इथिनिल एस्ट्राडायॉल असतं, तो कृत्रिम रेणू एस्ट्राडायॉलच्या तपासणीत दिसतच नाही. शरीराचं स्वतःचं दबलेलं, गोळीतलं यंत्राला न दिसणारं, म्हणून १४. धोका असा की आकडा कमी दिसला म्हणून ती गोळ्या वाढवेल, आणि याच औषधाने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जास्त असतो. ट्रान्स स्त्रियांना ते देऊ नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिला तुझ्या डॉक्टरांचा नंबर दे. पैशांची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीचा रस्ता दाखव. जमलं तर पहिल्या वेळी तूच बरोबर जा.

आणि गुठळ्यांची तुझी स्वतःची भीती. ती खोटी नाही, फक्त तू ती चुकीच्या कागदात शोधलीस. तुझ्या या तिमाही तपासण्यांत कुठलाही आकडा तुला आधीपासून सांगणार नाही की गुठळी होणार आहे. ते पायात आणि श्वासात कळतं. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा, किंवा अचानक दम लागणं, छातीत कळ. असं झालं तर लॅबमध्ये जायचं नाही, सरळ हॉस्पिटलच्या अपघात विभागात जायचं आणि मी एस्ट्रोजेन (एस्ट्राडायॉल त्यातलंच) घेते हे पहिल्या वाक्यात सांगायचं. सिगरेट ओढत असशील तर सोड. पुण्याच्या बसमध्ये मध्ये उतरून चार पावलं चाल.

एक जास्तीचं सांगते, कारण पत्रात लिहिलं नसलंस तरी ओळींमधून दिसतं. आकडा मोठा म्हणून बदल लवकर, असं नसतं. छातीची वाढ दोन-तीन वर्षं चालते. २०० ऐवजी ४०० केल्याने ती धावत येत नाही, धोका तेवढा वाढतो. तुझ्यासारखंच स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या काही जणींचं टेस्टोस्टेरॉन ५० च्या वर राहतं आणि तरी बदल छान होतात, कारण ते औषध टेस्टोस्टेरॉनला काम करू देत नाही. रक्तात किती आहे एवढ्यावरून ते कळत नाही. म्हणून वहीत आकड्यांच्या शेजारी एक जागा तुझ्यासाठी ठेव. कातडी, केस, झोप, मन, आरशासमोर कसं वाटलं, जे लिहावंसं वाटेल ते.

आता काउंटर. गावातल्या लॅबमध्ये तुझ्या नावापुढे कुठला मोबाईल नंबर आहे ते उद्याच तपास. छोट्या गावात एकदा घरातला नंबर नोंदवला की वर्षानुवर्षं तोच राहतो, आणि रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज वडिलांच्या फोनवर जातो. तुला वडिलांना सांगायचं आहे ते तुझ्या तोंडून, तुझ्या वेळेला. ते काम लॅबच्या मेसेजने करता कामा नये. नंबर बदलून घे आणि रिपोर्ट दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका असं स्पष्ट सांग. पुरुष लिहायचं की स्त्री, हे डॉक्टरांशी बोलून ठरव आणि दर वेळी तेच ठेव. 'एच' आणि 'एल' ही अक्षरं त्यावरच ठरतात, आणि मूत्रपिंडाच्या कामाचा जो अंदाज छापतात त्याचं सूत्रही. रांगेत मोठ्याने नाव पुकारू नका, माझी पाळी आली की हाताने खूण करा, हेही सांगता येतं. रक्त घेणाऱ्या मुलांना कुणी शिकवलेलं नसतं, पण सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. मीही कुणीतरी सांगितल्यावरच शिकले.

तेव्हा आज डॉक्टरांना मेसेज. आज रात्रीपासून बायोटिन बंद. चार दिवसांनी, पोटात पाणी चालेल, सकाळची हार्मोनची गोळी पर्समध्ये, हात सैल, आणि सुई निघाली की घड्याळात बघून वेळ लिही. रिपोर्ट आला की मला पाठव. नुसता आकडा नको, अख्खी ओळ पाठव.

— ताई